पहिला व्यवहार : वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे महाविद्यालय कसे निवडावे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



कोकण विभागीय मंडळाची पहिली बारावीची परीक्षा २०१२ साली झाली. तेव्हापासून निकालात आपला विभाग सातत्याने राज्यात अव्वल राहिला आहे. २०२५ साली निकाल ९६.७४ टक्के लागला. त्यात आपल्या समाजाची मुले-मुलीही आहेत, आणि मुली तर पुढेच आहेत. याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा करतो व तो करावाच. पण पेढे संपल्यावर जो प्रश्न घरात उभा राहतो, त्याचे उत्तर मात्र आपण घाईने देतो. आता पुढे काय? मुलगा सायन्सला असेल तर घरातले सगळे विचार करतात, क्लास शोधतात, मुंबईच्या मामाला फोन करतात. मुलगा कॉमर्सचा असेल तर "घाल रे कुठेतरी" एवढ्यावर विषय संपतो. किंवा याच्या अगदी उलट होते. एखाद्या मोठ्या शहरातल्या कॉलेजची गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका घरी येते, त्यात काचेची इमारत, कोट घातलेली मुले, मोठमोठे पगार असतात, आणि आखातात राबणाऱ्या वडिलांची काही वर्षांची बचत एका सहीने तिकडे जाते.

आज मला बोलायचे आहे ते या दोन्ही घाईंविषयी. बी.कॉम., बी.एम.एस., बी.बी.ए. अशा नावांनी जे शिक्षण मिळते, त्यासाठी कॉलेज कसे निवडावे, हा विषय अध्यक्षांनी मला दिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. कॉमर्स म्हणजे ज्याला सायन्स झेपले नाही त्याची जागा, असे आपल्याकडे अजून अनेकजण मानतात. व्यापार ही या किनाऱ्याला नवी गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यातले दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले नावाजलेले बंदर होते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पेढीत मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान भागीदार होते. जहाज, माल, हुंडी आणि हिशेब यांची जाण आपल्या पूर्वजांना होती. ती त्यांना कोणत्या कॉलेजात मिळाली नाही, ती पेढीवर आणि गलबतावर मिळाली. आजचा व्यापार मात्र कायद्याचा, करांचा आणि संगणकाचा झाला आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि लहान दुकानदारालाही विवरणपत्रे भरणारा जाणकार माणूस लागू लागला. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंबा परदेशी पाठवायचा तर झाडाइतकीच कागदपत्रांचीही माहिती लागते. लोटे परशुरामची कारखानदारी, जयगडचे बंदर, मिरकरवाड्याची मासळी, या साऱ्यांना हिशेब, खरेदी, विक्री आणि व्यवस्थापन समजणारी माणसे हवी असतात. तेव्हा कॉमर्स ही उरलेली जागा नाही. ती विचारपूर्वक घेण्याची जागा आहे.

आणि म्हणून मी म्हणतो, की व्यापाराचे शिक्षण घ्यायला निघालेला विद्यार्थी आपल्या आयुष्यातला पहिला मोठा व्यवहार करतो तो कॉलेज निवडण्याचा. तीन वर्षे आणि घरची पुंजी एवढी किंमत मोजून तो काहीतरी विकत घेतो. हा व्यवहारच जर त्याने डोळे मिटून केला, तर पुढे तो कोणता व्यवहार शिकणार?

आपल्याकडे आंब्याची पेटी घेणारा जाणता माणूस काय करतो? वरचा थर पाहून पैसे देत नाही. गवत बाजूला सारतो, हात खाली घालतो, तळाचे फळ काढून पाहतो. मासळी घेणारी बाई कल्ले उघडून बघते. मग कॉलेज घेताना आपण वरच्या थरावर का भुलावे? तळाचे फळ पाहण्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. पदवी कोणाची? शिकवणार कोण? पुढे वाट कोणती? आणि एकूण खर्च किती?

पहिला प्रश्न, पदवी कोणाची? कॉलेज पदवी देत नसते, विद्यापीठ देते. आपला जिल्हा १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. कोल्हापूर जवळ म्हणून तिकडे गेलात तर पदवी १९६२ च्या शिवाजी विद्यापीठाची, पुण्याला गेलात तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. या सर्व पदव्या चांगल्या आहेत, पण मध्येच कॉलेज बदलायचे झाले तर विद्यापीठही बदलते, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेचे कागद लागतात, हे आधी माहीत हवे. शिवाय काळाबरोबर गोष्टी बदलतात. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झाले, आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचे नाव घेतात. वर्षानुवर्षे ते मुंबई विद्यापीठाचे होते. २०१९ पासून ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग झाले. म्हणून थोरल्या भावाच्या वेळची माहिती धाकट्याला चालेलच असे नाही. चालू वर्षाची माहिती चालू वर्षीच विचारावी.

मान्यतेचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे आयआयपीएम, या संस्थेच्या जाहिराती एकेकाळी इंग्रजी वर्तमानपत्रांत पानपानभर येत असत. मोठमोठ्या शहरांत तिची केंद्रे होती. मात्र तिला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता नव्हती आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचीही नव्हती. पदव्या दिल्या जात त्या बेल्जियममधल्या एका संस्थेच्या नावाने. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला आपल्या अभ्यासक्रमांसाठी एम.बी.ए., बी.बी.ए., बिझनेस स्कूल असे शब्द वापरण्यास मनाई केली, आणि पुढच्या वर्षी तिने आपली बहुतेक केंद्रे बंद केली. ज्या मुलांनी तिथे वर्षे आणि लाखो रुपये घातले त्यांच्या हातात काय राहिले? जाहिरात मोठी होती म्हणून कोणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, कारण आयोग मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आणि बोगस विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो. ती पाहायला पैसे पडत नाहीत.

याच प्रश्नाचा एक नवा भाग आहे, तो पालकांनी नीट लक्षात घ्यावा. मुंबई विद्यापीठाने बी.एम.एस. हा अभ्यासक्रम १९९९-२००० च्या सुमारास सुरू केला. पुढे बरीच वर्षे बारावीच्या गुणांवर त्याला प्रवेश मिळत असे. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने बी.बी.ए., बी.एम.एस. आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले, आणि राज्याच्या सीईटी सेलने २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्यासाठी पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. कित्येकांना ही गोष्ट वेळेवर कळलीच नाही. जागा पुष्कळ आणि परीक्षार्थी थोडे, म्हणून त्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. अनेक कॉलेजांनी मग अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे केले आणि सीईटीशिवाय प्रवेश दिले. यात बेकायदा काही नाही, विद्यापीठाची पदवी ती पदवीच. पण परिषदेची मान्यता असलेला व्यावसायिक अभ्यासक्रम आणि नाव बदललेला बी.कॉम. यांना लागू होणाऱ्या सवलती आणि फीचे नियम वेगळे असू शकतात. तेव्हा कॉलेजच्या कचेरीत सरळ विचारा: हा अभ्यासक्रम परिषदेच्या मान्यतेचा आहे का? प्रवेश सीईटीच्या केंद्रीय फेरीतून आहे का? पदवीच्या कागदावर नेमके काय नाव छापले जाईल? उत्तर लेखी किंवा छापील मागा.

दुसरा प्रश्न, शिकवणार कोण? सिडनहॅम कॉलेजचे नाव आताच घेतले. त्याच कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे. कॉलेजचा लौकिक अशा शिक्षकांनी वाढतो, फरशीने वाढत नाही.

इथे अनुदानित आणि विनाअनुदानित हा फरक समजून घ्यावा लागेल. एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत साधा बी.कॉम. अनुदानित असतो, त्याची फी कमी असते, कारण मंजूर प्राध्यापकांचा पगार शासन देते. शेजारच्या वर्गात बी.एम.एस. किंवा अकाउंटिंग अँड फायनान्सचा बी.कॉम. हा बहुधा विनाअनुदानित असतो. तिथली फी जास्त असते आणि शिकवणारे पुष्कळदा तासिकेवर किंवा कंत्राटावर असतात. तासिकेवरचा शिक्षक वाईट असतो असे मी म्हणत नाही. एखादा सीए संध्याकाळी येऊन कर शिकवतो तेव्हा मुलांचे भाग्यच असते. पण जो शिक्षक दर सहा महिन्यांनी बदलतो, तो मुलाला ओळखणार कधी? म्हणून विचारा की या अभ्यासक्रमाचे कायम शिक्षक किती? मागच्या वर्षी होते ते या वर्षी आहेत का? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? आणि शक्य असेल तर सुट्टीच्या दिवशी न जाता कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, कॉलेज पाहायला जा. वर्ग भरलेले आहेत की कॅन्टीन भरलेले आहे, हे पाहिल्यावर पुढचे विचारावे लागत नाही.

तिसरा प्रश्न, पुढे वाट कोणती? आता नोकऱ्यांच्या आकड्यांकडे येऊ. माहितीपुस्तिकेत "सरासरी पगार" असा आकडा असतो. सरासरी म्हणजे काय ते पाहा. समजा दहा मुलांना नोकऱ्या मिळाल्या. नऊ जणांना महिना वीस हजार आणि एकाला दोन लाख. सरासरी निघेल अडतीस हजार. पण अडतीस हजार कोणालाच मिळालेले नाहीत! पगार चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो वीस हजार निघतो, आणि तोच खरा. म्हणून मधला पगार विचारा. वर्गात मुले किती होती, नोकरीसाठी नावे किती जणांनी नोंदवली, आणि मिळाली किती जणांना, हेही विचारा. शंभरातल्या वीस मुलांची यशोगाथा छापून आली तर उरलेली ऐंशी कुठे गेली? तोच पेटीचा तळ आहे. राष्ट्रीय क्रमवारीचा आधार घ्यायचा तर तीही नीट वाचा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत व्यवस्थापन विभागात ज्या संस्थांची नावे असतात, ती मुख्यतः एम.बी.ए.सारख्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थांची. तिथले नाव वाचून त्याच समूहाच्या एखाद्या बी.बी.ए. कॉलेजला तो मान आपोआप चिकटत नाही.

मग कोणी कोणती वाट धरावी? ज्याला हिशेबाची आवड आहे, ज्याचा आकडा चुकत नाही, त्याने बी.कॉम. घेऊन सोबत सीए, सीएस किंवा सीएमए यांपैकी एक परीक्षा धरावी. सीएची संस्था १९४९ सालापासून आहे. बारावीनंतर फाउंडेशन देता येते, किंवा पदवी घेऊन, वाणिज्य पदवीधराला किमान ५५ टक्के गुण असतील तर, थेट इंटरमिजिएटला बसता येते. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. ही परीक्षा कठीण आहे, नापास होणारे पुष्कळ असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिला तुम्ही कोणत्या कॉलेजचे हे कोणी विचारत नाही. रत्नागिरीचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. गरीब घरच्या मुलासाठी याहून समान मैदान मला दुसरे दिसत नाही.

ज्याला माणसांत वावरायला आवडते, विक्री, जाहिरात, बँक, घरचा धंदा वाढवणे यात रस आहे, त्याने बी.एम.एस. किंवा बी.बी.ए. जरूर करावे. मात्र या पदवीवर थांबायचे की पुढे एम.बी.ए. करायचे, हे आधीच ठरवावे. पुढे एम.बी.ए. करायचेच असेल, तर पहिल्या पदवीवर सारी पुंजी संपवू नये. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशी रचना झाली आहे. निवडलेल्या कॉलेजात चौथे वर्ष आहे की नाही, आणि आपल्याला ते हवे आहे की नाही, हेही विचारात घ्यावे.

आणि जो खरोखर हुशार व मेहनती आहे, त्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या वाटा ठेवायला कचरू नका. इंदूरच्या आयआयएमने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला. नंतर रोहतक, रांची, जम्मू येथील आयआयएमही त्या वाटेने गेल्या. दिल्ली विद्यापीठाचे शहीद सुखदेव कॉलेज १९८७ पासून केवळ व्यवसायशिक्षणासाठी आहे. अलिगढ आणि जामिया मिल्लिया या दोन्ही विद्यापीठांना १९२० पासूनची परंपरा आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. आयआयएमची फी भारी आहे, पण केंद्रीय विद्यापीठांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांची फी बहुधा आपल्या आवाक्यातली असते, आणि हे आपल्या घराघरांत माहीतच नसते!

इथे अकरावीच्या विद्यार्थ्यांना एक कळकळीची सूचना. कॉमर्सला गणित घ्यायचे की सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, असा पर्याय तुमच्यापुढे येतो. गुण सोपे मिळतात म्हणून पुष्कळ मुले गणित सोडतात. दिल्ली विद्यापीठाच्या बी.एम.एस.सारख्या काही अभ्यासक्रमांना बारावीचे गणित लागते, आणि आयआयएमच्या परीक्षांत तर गणिताचाच भर असतो. सोळाव्या वर्षी सोडलेल्या एका विषयाने अठराव्या वर्षी चार दरवाजे बंद होतात. झेपत असेल तर गणित सोडू नका. दुसरी गोष्ट इंग्रजीची. आपली कित्येक मुले उर्दू किंवा मराठी माध्यमातून येतात. यात कमीपणा काही नाही, मातृभाषेत पाया पक्का होतो. पण या सीईटीचे माध्यम इंग्रजी आहे, आणि बी.एम.एस.चा वर्गही इंग्रजीतच चालतो. तेव्हा अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे व्यापाराचे पान वाचा. पहिला महिना काही कळणार नाही. तिसऱ्या महिन्यात कळू लागेल. आणि सुट्टीत एखाद्या दुकानात, आंब्याच्या बागेत किंवा सीएच्या कचेरीत बसा. महिनाभरात हे काम आपल्याला आवडते की नाही ते समजेल, आणि ते समजणे फुकटात पडेल.

चौथा प्रश्न, एकूण खर्च किती? पालकहो, कॉलेज सांगते ती फी, आणि आपण देतो तो खर्च, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रत्नागिरी ते मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मुलगा तिथे गेला की वसतिगृह, मेस, लोकलचा पास, पुस्तके, लॅपटॉप, सणाला येण्या-जाण्याचे भाडे हे सारे आले. एक कल्पित उदाहरण मांडतो. समजा वर्षाची फी दीड लाख, राहणे-जेवणे एक लाख वीस हजार, इतर तीस हजार. वर्षाचे झाले तीन लाख, तीन वर्षांचे नऊ लाख. हे नऊ लाख दहा टक्के व्याजाने, सात वर्षांच्या मुदतीत फेडायचे तर महिना सुमारे पंधरा हजारांचा हप्ता बसतो, आणि एकूण परतफेड साडेबारा लाखांवर जाते. शिकत असतानाचे व्याज मी यात धरलेलेच नाही. आता तो मघाचा मधला पगार आठवा, वीस हजार. वीस हजारांतून पंधरा हजार गेले तर शहरात मुलगा खाणार काय आणि घरी पाठवणार काय? आपल्यातल्या ज्या घरांना व्याजाचे कर्ज घ्यायचेच नसते, त्यांचे नऊ लाख तर बचतीतून किंवा बायकोच्या दागिन्यांतून जातात. त्यांनी हा हिशेब दुप्पट काळजीने करावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण शिक्षणालाही लागू आहे.

मदतीचे मार्गही आहेत, ते माहीत असावेत. महाडीबीटी संकेतस्थळावर राज्याची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जयोजना आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामिनाशिवाय कर्ज देण्याची तरतूद आहे. तुमचे कॉलेज त्या यादीत आहे की नाही, ही त्याच्या दर्जाचीही एक कसोटीच समजा. आणि मुलींच्या पालकांनी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय लक्षात ठेवावा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इतर मागास वर्गाच्या यादीत मुस्लिम समाजातल्या अनेक जमाती आहेत. पण खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. म्हणूनच मी मघाशी म्हणालो, की अभ्यासक्रम कोणत्या मान्यतेचा आणि प्रवेश कोणत्या फेरीतून, हे विचारा. एका शब्दाच्या फरकाने मुलीची तीन वर्षांची फी वाचू शकते किंवा भरावी लागू शकते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र यांची धावपळ जूनमध्ये करू नका. बारावीला असतानाच कागद तयार ठेवा. या योजनांच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू वर्षाचा निर्णय वाचा.

आता घरच्या अंगणातल्या पर्यायाकडे या. रत्नागिरीचे गोगटे कॉलेज १९४५ साली सुरू झाले, आणि आजच्या त्याच्या पूर्ण नावात जोगळेकर वाणिज्य महाविद्यालय हे शब्द आहेत. घरी राहून, आईच्या हातचे जेवून, थोड्या फीत बी.कॉम. करणे यात काहीही उणे नाही. मुंबईला जाणाऱ्या मुलावर जे नऊ लाख खर्च होतील, त्यातला थोडा भाग सीएच्या शिकवणीला, चांगल्या संगणकाला आणि इंग्रजीला लावला, तर इथला मुलगा तिथल्या मुलाच्या बरोबरीने उभा राहू शकतो. मात्र एक अट आहे. घरी राहायचे म्हणजे आराम करायचा असे नव्हे. जो मुलगा इथे राहून दुपारी झोपतो आणि संध्याकाळी जेट्टीवर बसतो, त्याला गोगटे कॉलेजही वाचवणार नाही आणि सिडनहॅमही नाही.

आणि मुलींबद्दल एक शब्द. मुलगी इथेच शिकते ती पुष्कळदा आपण तिला बाहेर पाठवायला तयार नसतो म्हणून. तिची निवड ही निवड नसते, ती आपल्या भीतीची सोय असते. भीती खरी असेल तर तिचाही हिशेब करा. वसतिगृह स्वतः पाहा, तिथल्या बाईंशी बोला, तिथे राहिलेल्या मुलींच्या आयांना भेटा, नातेवाईक जवळ कोण आहे ते पाहा. एवढे करून पाठवायचे नाही असे ठरले, तर तिला इथे शिकवा, पण सीएची पुस्तके मुलाला जशी घेऊन द्याल तशी तिलाही द्या. गुण जर तिचे जास्त आहेत, तर खर्च तिच्यावर कमी का?

शेवटी काही बारीक पण कामाच्या गोष्टी. कोणी एजंट फोन करून "आजच जागा राखून ठेवा, उद्या मिळणार नाही" म्हणाला, तर समजा की जागा उद्याही मिळणार आहे. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. मूळ गुणपत्रिका कॉलेजने पडताळून परत द्यायच्या असतात. त्या अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रवेश रद्द करायचा झाला तर फी परत मिळण्याचे नियमही आहेत, आणि जितक्या लवकर अर्ज कराल तितकी जास्त रक्कम परत मिळते. आणि सर्वांत चांगली माहितीपुस्तिका म्हणजे त्या कॉलेजात आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणारी मुले. कॉलेजने पुढे केलेली दोन मुले सोडा. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटतील त्या चौघांना विचारा, "तुमच्या धाकट्या भावाला इथे घालाल का?" चौघांचे उत्तर ऐका आणि घरी या.

या संस्थेलाही माझी एक विनंती आहे. आपल्या समाजातली जी मुले-मुली गेल्या पाच-दहा वर्षांत बी.कॉम., बी.एम.एस., सीए झाली, त्यांची एक वही करा. कोण कुठे शिकले, खर्च किती आला, पहिला पगार किती होता, आता काय करतात, एवढेच लिहा. दरवर्षी मे महिन्यात ती वही पालकांसमोर ठेवा. शंभर जाहिरातींपेक्षा ती एक वही आपल्या मुलांच्या अधिक उपयोगी पडेल, कारण त्यात वरचा थर आणि तळ दोन्ही दिसतील.

विद्यार्थी मित्रांनो, कॉलेज तुम्हाला घडवील या भरवशावर जाऊ नका. चांगले कॉलेज फार तर चांगला बाजार आहे. तिथून काय घेऊन यायचे ते घेणाऱ्याच्या पारखीवर आहे. ती पारख कॉलेज निवडताना दाखवलीत, तर तुमच्या शिक्षणाला प्रवेशाच्या दिवशीच सुरुवात झाली असे मी समजेन.

 तुम्हा सर्व मुला-मुलींना माझ्या मनापासून शुभेच्छा. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!